नव्या लॅपटॉपची स्क्रीन फिकी का निघते?

सेलमध्ये पंचावन्न हजारांचा लॅपटॉप मागवला. प्रोसेसर नवा, रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, स्क्रीन १५.६ इंची ‘फुल एचडी’. मशीन वेगाला चोख निघतं. पण घरच्या लग्नाचे फोटो उघडले की लाल शालू विटकरी दिसतो, हळदीचा पिवळा मळकट वाटतो आणि खिडकीकडे पाठ करून बसलं की अक्षरांसाठी डोळे बारीक करावे लागतात. कस्टमर केअरला फोन लावला की तिकडून शांत आवाजात उत्तर येतं, ‘सर, स्क्रीन फुल एचडीच आहे, मशीनमध्ये काही फॉल्ट नाही.’

जास्त चीड येते ती यामुळे, की तो माणूस खोटं बोलत नसतो. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एवढंच. ते ठिपके किती उजळतात, लाल किती लाल दाखवतात, मान जरा तिरकी केली तर चित्र टिकतं की उलटं होतं, यातलं काहीही त्या दोन शब्दांत येत नाही. पंचावन्न हजारांच्या आणि दीड लाखाच्या लॅपटॉपवर तोच ‘फुल एचडी’ शिक्का असू शकतो.

आणि काटकसर नेमकी इथेच होते, त्यालाही कारण आहे. खरेदीच्या साइटवर आपण डाव्या बाजूला टिका मारतो त्या प्रोसेसर, रॅम, स्टोरेज आणि किमतीवर. स्क्रीनसाठी खूण करायला मिळते ती फक्त इंचांवर आणि ठिपक्यांवर. रॅम निम्मी केली तर मॉडेल यादीतून गळून पडेल. स्क्रीन हलकी टाकली तर कुठल्याच गाळणीत अडकणार नाही. ठरलेल्या किमतीत मशीन बसवायचं असेल तर कात्री कुठे चालेल हे वेगळं सांगायला नको.

पडद्यामागे काय असतं

लॅपटॉपवर ज्या कंपनीचं नाव असतं ती स्क्रीन सहसा स्वतः बनवत नाही. चीनची बीओई, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, कोरियाच्या एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले, जपानची शार्प अशा मोजक्या कारखान्यांतून तयार काच येते. त्या काचेला पॅनेल म्हणतात. वडापावच्या गाडीवर पाव जसा त्या दिवशी ज्या बेकरीतून आला तिचा, तसं हे आहे. एकाच मॉडेलमध्ये या महिन्यात एका कारखान्याचं पॅनेल, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं. कंपनी फक्त किमान अटी ठरवते, आणि त्या अटींत बसणारी दोन-तीन पॅनेल तिच्या लेखी एकच असतात. तुमच्या मित्राने घेतलेला ‘अगदी हाच’ लॅपटॉप सुरेख दिसतो आणि तुमचा पिवळट, यात गौडबंगाल काही नसतं.

हे फक्त स्वस्त मशीनांचं दुखणं नव्हे. २०१२ साली अॅपलने रेटिना स्क्रीनचा पहिला मॅकबुक प्रो आणला, तेव्हा त्यात एलजी आणि सॅमसंग अशा दोघांची पॅनेल होती. काहींवर आधी उघडलेल्या प्रोग्रामच्या खिडकीची पुसट छाप रेंगाळते अशी तक्रार झाली आणि लोक स्वतःचं पॅनेल कोणाचं हे शोधत बसले. प्रकरण २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयापर्यंत गेलं.

आता आतली रचना बघू. नेहमीच्या एलसीडी पॅनेलमध्ये मागे पांढरे एलईडी दिवे असतात, त्यांच्या पुढे द्रवस्फटिकांचा थर, आणि त्यापुढे लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या. स्फटिक वळून प्रकाश कमीजास्त सोडतात, गाळण्या त्याला रंग देतात. चित्राचा दर्जा याच तिघांवर ठरतो.

गाळण्यांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त तक्रारींचं मूळ तिथे आहे. गाळणी गडद असेल तर रंग शुद्ध दिसतो, पण ती बराचसा प्रकाश गिळते. मग मागे जास्त ताकदीचे दिवे लागतात आणि बॅटरी लवकर उतरते. गाळणी फिकी ठेवली तर थोड्या दिव्यांत काम भागतं. म्हणजे फिक्या पॅनेलमध्ये कंपनीचे पैसे दोनदा वाचतात, शिवाय ‘बॅटरी दहा तास’ असं छापता येतं. भरपाई लालचुटुक शालूला विटकरी होऊन करावी लागते.

हा फिकेपणा मोजायचे आकडे आहेत, पण ते मुद्दाम गोंधळ उडवावा असेच वापरले जातात. ‘४५ टक्के एनटीएससी’ असं कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप. आजचे फोटो, वेबपानं, व्हिडिओ हे बहुतेक एसआरजीबी या मापाने तयार होतात. ते एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलं. एनटीएससीचे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. त्या हिशेबाने ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचे जेमतेम ६२-६३ टक्के. फोटोत जे रंग असू शकतात त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त रंग त्या पॅनेलच्या ऐपतीबाहेरच राहतात. कॅलिब्रेशन करा, सेटिंग बदला, ड्रायव्हर टाका. गाळणी जी आहे ती आहे.

‘१.६७ कोटी रंग’ किंवा ‘१०७ कोटी रंग’ हे वाचून मात्र हुरळू नका. तो आकडा रंगांच्या छटांमध्ये किती बारीक पायऱ्या आहेत हे सांगतो, रंग किती गडद जाऊ शकतो हे नाही. संध्याकाळच्या आकाशाच्या फोटोत पट्टे उमटले तर पायऱ्या कमी आहेत. आकाशाचा केशरीच मरगळलेला असेल तर गाळणी फिकी आहे. दोन वेगळे आजार आहेत हे.

उजेड, कोन आणि जोडाक्षरं

उजेड निट्समध्ये मोजतात. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा २५० निट्स असतात. पडदे ओढलेल्या खोलीत किंवा ट्यूबलाइटखाली तेवढे पुरतात. पण आपल्याकडची घरं खिडक्या उघड्या ठेवणारी, आणि दुपारी बाराचं ऊन काय असतं ते सोलापूर-नागपूरकडच्यांना सांगायला नको. अशा उजेडात २५० निट्सची स्क्रीन शंभर टक्क्यांवर नेऊनही राखाडी दिसते. डोळ्याला उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही, म्हणून २५० आणि ३०० मध्ये फारसा फरक कळत नाही. ४०० ला मात्र कळतो. दिवसा खिडकीशी, व्हरांड्यात, गाडीत काम करणाऱ्याने ४०० च्या खाली उतरू नये असं माझं मत आहे, मग रॅम थोडी कमी मिळाली तरी चालेल. रॅम पुष्कळ मॉडेलांत नंतर वाढवता येते.

ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या स्क्रीनच्या जाहिरातीत ‘५०० निट्स’ किंवा ‘६०० निट्स’ दिसलं तर त्याच्याआधी ‘पीक’ आहे का ते बघा. तो आकडा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या चित्रातल्या छोट्याशा तेजस्वी भागापुरता असतो. पांढऱ्या पानावर वर्ड उघडलं की खरा उजेड त्याच्या पुष्कळ खाली असतो.

कोनाचा प्रश्न स्फटिकांचा. जुन्या आणि स्वस्त टीएन जातीत स्फटिक पीळ घालून-सोडून प्रकाश अडवतात. वरून किंवा खालून पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. हिताचीने १९९६ मध्ये आणलेल्या आयपीएस पद्धतीत ते काचेला समांतर राहून वळतात, म्हणून बाजूने पाहूनही चित्र तसंच राहतं. टीएन ओळखायला प्रयोगशाळा नको. एक्सेलमध्ये काही रकाने फिक्या पिवळ्या रंगाने रंगवा आणि स्क्रीन मागेपुढे करा. एका कोनाला पिवळा पार नाहीसा झाला तर ते टीएन. ज्यांचं सारं काम रंगवलेल्या रकान्यांवर चालतं अशा हिशेबनीसाला याचा ताप किती होत असेल याची कल्पना येते.

दुकानदार ‘आयपीएसच आहे साहेब’ म्हणतो तेव्हा त्याचं सारंच चूक नसतं. एयूओचं एएचव्हीए, बीओईचं एडीएस, सॅमसंगचं पीएलएस ही आयपीएसचीच भावंडं. पत्रकात त्यांना ‘आयपीएस-लेव्हल’ किंवा ‘डब्ल्यूव्हीए’ म्हणतात. पण ‘एसव्हीए’ दिसलं तर समजा की ते टीएन आहे. आणि ‘अँटी-ग्लेअर’ हे गुणपत्रकातलं वाक्य नव्हे. तो फक्त पृष्ठभागाचा खरखरीतपणा आहे, भिकार पॅनेललाही असतो.

ठिपक्यांच्या घनतेबद्दल मराठी वाचकाने जरा जास्त चोखंदळ असायला हवं. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं. आपल्या अक्षराला शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि मध्ये दोन-तीन व्यंजनं एकमेकांच्या पोटात. सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या १५.६ इंची स्क्रीनवर एका इंचात साधारण १०० ठिपके येतात. तिथे ‘उद्ध्वस्त’ लिहिलं की मधल्या जोडाक्षराची काळी गाठ होते. त्याच आकाराच्या फुल एचडीवर १४१ येतात आणि ते सुटं होऊ लागतं. १४ इंची, २८८० बाय १८०० च्या स्क्रीनवर २४० च्या पुढे, तिथे अक्षर छापल्यासारखं दिसतं. मराठी टायपिंग, मुद्रितशोधन, डीटीपी हे ज्यांचं पोटापाण्याचं काम आहे त्यांनी हा खर्च डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याआधीच करावा.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. १५.६ इंचांवर फुल एचडीची अक्षरं बारीक वाटतात म्हणून विंडोज ती आपणहून मोठी, म्हणजे १२५ टक्के आकाराची करतं. मग पडद्यावर मजकूर मावतो तो १५३६ बाय ८६४ इतकाच. ‘फुल एचडी घेऊनही एक्सेलच्या ओळी कमीच दिसतात’ ही तक्रार त्यातून येते. १९२० बाय १२०० ची, म्हणजे १६:१० आकाराची स्क्रीन मिळत असेल तर ती घ्यावी. उंचीत ११ टक्क्यांची भर पडते आणि ती रोज जाणवते.

गेमिंगवाल्यांसाठी थोडक्यात. १४४ हर्ट्झ म्हणजे दर ६.९ मिलिसेकंदांना नवं चित्र. पॅनेलच्या ठिपक्याला रंग बदलायला २५ मिलिसेकंद लागत असतील तर तीन चित्रं पुढे सरकेपर्यंत पहिल्याची शेपूट तशीच असते. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘१४४ हर्ट्झ’ मोठ्या अक्षरांत आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ चिमुकल्या अक्षरांत, ही जोडी नेहमीची.

आणि डोकेदुखी. काही स्क्रीन उजेड कमी करताना दिवा खरोखर मंद करत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. लॅपटॉपच्या अनेक ओलेड स्क्रीनमध्ये हा वेग २४० हर्ट्झच्या आसपास असतो. बहुतेकांना काही जाणवत नाही. काहींना मात्र अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला शटर १/२००० वर ठेवून स्क्रीनचा उजेड तीस टक्क्यांवर आणा. काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर उत्तर मिळालं. ओलेडचे रंग आणि काळेपण अप्रतिम असतं, पण दिवसभर तोच टास्कबार आणि तोच टॅलीचा पडदा उघडा ठेवणाऱ्याने ओलेड घेऊ नये. एकाच जागी स्थिर असलेल्या चित्राची छाप हळूहळू पडते, आणि ती पुसली जात नाही.

ऑर्डर देताना

यूट्यूबवर अमेरिकेतल्या कुणीतरी केलेलं परीक्षण पाहून इथे ऑर्डर देऊ नका. मालिकेचं नाव एकच असलं तरी देशागणिक मॉडेल वेगळं असतं. लेनोव्होच्या भारतातल्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘आयएन’ असतं, एचपीच्या कित्येक मॉडेलांच्या शेवटी ‘टीयू’ किंवा ‘टीएक्स’. परीक्षणातलं मॉडेल ४०० निट्स आणि पूर्ण एसआरजीबीचं, आणि आपल्याकडे आलेलं २५० निट्सचं, असं सर्रास घडतं. साइटवरच्या शीर्षकात न अडकता तो पूर्ण क्रमांक शोधा, तो कंपनीच्या स्वतःच्या तपशीलपत्रात टाका. लेनोव्होचं त्यासाठी पीएसरेफ नावाचं स्वतंत्र संकेतस्थळ आहे. एचपीची क्विकस्पेक्स नावाची पत्रकं आहेत. तिथे निट्स आणि रंगांची टक्केवारी लिहिलेली असते. एकाच क्रमांकाखाली दोन स्क्रीन ‘किंवा’ लावून दिल्या असतील तर हलकी स्क्रीन येणार असं धरून चाला. तपशीलपत्रात निट्सचा उल्लेखच नसेल तर तोही एक तपशीलच समजा.

प्रश्नोत्तरांच्या रकान्यात विक्रेत्याने दिलेल्या ‘येस सर, आयपीएस’वर विसंबू नका. त्याच्या गोदामात खोकी आहेत, पॅनेल त्याने पाहिलेलं नाही.

चांगली स्क्रीन हवी म्हणून कंपनीच्या साइटवरून हवा तसा लॅपटॉप बांधून घेता येतो, पण तिथे दुसरा मनस्ताप. असं मशीन ऑर्डरनंतर बनतं, बहुधा चीनमध्ये, आणि तिथून येतं. साइट दाखवते ती तारीख सगळे सुटे भाग हाताशी आहेत असं धरून काढलेली असते. चांगल्या पॅनेलला मागणी कमी, म्हणून साठा कमी; तो एक भाग अडला की अख्खी ऑर्डर अडते. २०२१ च्या टंचाईत हे जगभर झालं. पॅनेलवरचे ठिपके चालवणारी चिप ही अगदी स्वस्त गोष्ट, पण जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत बनणारी. तिचाच तुटवडा पडला आणि लाखमोलाची यंत्रं तिच्यासाठी ताटकळली. आपल्याकडे त्यात कागदपत्रांची भर असते. मॉडेलला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. शिवाय ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली, दुसऱ्याच दिवशी ती १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली आणि नंतर ऑनलाइन परवानगीची पद्धत आणली. म्हणून कंपन्या खपणारी चार-दोन मॉडेलंच जहाजभर मागवतात. चोखंदळ माणसाच्या वाट्याला ‘शिपमेंट डिलेड’चे ईमेल येतात.

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवायचा विचार पुष्कळ घरांत होतो. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सोबत एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो, हे खरं. मात्र तिथली वॉरंटी इथे चालते का हे त्या मॉडेलपुरतं लेखी विचारून घ्या, कारण सगळ्यात महाग सुटा भाग बऱ्याचदा स्क्रीनच असतो.

पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी करा. उत्पादनाचं पान पूर्ण, तारखेसह पीडीएफ करून ठेवा. साइटवरचा मजकूर नंतर बदलतो आणि मग ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ सुरू होतं. आणि परतीचा नियम वाचा. लॅपटॉपवर बहुतेकदा ‘सात दिवसांत फक्त रिप्लेसमेंट’ असतं, तेही तंत्रज्ञाने दोष मान्य केल्यावर. ‘मला आवडला नाही’ याला जागा नसते. पॅनेल फिकं आहे हा त्यांच्या लेखी दोष नाही. जाहिरातीत ३०० निट्स म्हटलं होतं आणि पॅनेल २५० चं निघालं, हा मात्र आहे. तुमच्या हातात जाहिरातीचा कागद असेल तरच.

खोकं आल्यावर

सील फोडण्यापासून स्क्रीन सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, त्यात खोक्यावरचा मॉडेल क्रमांक आणि सीरियल क्रमांक दिसू द्या. ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोकं उघडून दाखवण्याची सोय असेल तर डिलिव्हरीवाल्या मुलाला घाई असते, तरीही ओटीपी देण्याआधी निदान काच तडकलेली नाही एवढं बघाच.

मग तक्रारीआधी सॉफ्टवेअरचे खेळ बंद करा. विंडोज ११ मध्ये मजकुराप्रमाणे उजेड बदलण्याची सोय असते, इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्समध्ये बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करण्याच्या युक्त्या असतात. एएमडीच्या युक्तीचं नाव व्हॅरीब्राइट. चार्जर काढला की रंग उडतात, ही तक्रार पुष्कळदा तिच्यामुळे असते. रात्री निळा उजेड कमी करणारा नाइट लाइट चालू राहिला म्हणून स्क्रीन पिवळी दिसल्याचेही प्रकार होतात.

एवढं झाल्यावर पॅनेलची जात काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स, तिथे प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि हार्डवेअर आयडीज. तीन अक्षरं आणि पुढे चार अंक-अक्षरं दिसतील. बीओई आणि एयूओ सरळ कळतात. सीएमएन म्हणजे इनोलक्स, एलजीडी म्हणजे एलजी, एसडीसी म्हणजे सॅमसंग, एसएचपी म्हणजे शार्प. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्राम टाकला तर पॅनेलचं पूर्ण नावही सहसा मिळतं. बीओईच्या नावाची सुरुवात ‘एनव्ही’ने असेल तर आयपीएसच्या कुळातलं, ‘एनटी’ने असेल तर टीएन. एयूओच्या फुल एचडी पॅनेलमध्ये मध्ये ‘एचएएन’ असेल तर बरं, ‘एचटीएन’ असेल तर टीएन. ते नाव पॅनेलुक या साइटवर टाकलं की निट्स, रंग, ठिपक्यांचा वेग सगळं समोर येतं. तंत्रज्ञाशी वाद घालताना ‘फिकं दिसतंय हो’पेक्षा हा कागद जास्त बोलतो.

मग पूर्ण पडद्यावर एकेक सपाट रंग लावून बघा: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. पांढऱ्यावर काळा राहिलेला किंवा काळ्यावर पेटलेला ठिपका दिसला तर निराश होण्याआधी हे माहीत असू द्या, की एखाददुसऱ्या ठिपक्यासाठी बहुतेक कंपन्या पॅनेल बदलत नाहीत. आयएसओ १३४०६-२ या जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच अर्धवट बिघडलेले चालत. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके, म्हणजे हिशेब दुप्पट. ते मानक बदलून २००८ मध्ये आयएसओ ९२४१-३०७ आलं, तरी कंपन्यांचं धोरण आजही त्याच वळणाचं असतं. स्वतःच्या कंपनीची मर्यादा वॉरंटीच्या कागदात शोधा.

काळ्या पडद्यावर अंधारात कडांना उजेड दिसतो, त्याचे दोन प्रकार. डोकं हलवल्यावर तो सरकला, कमीजास्त झाला तर ती आयपीएसची स्वाभाविक चमक. जागचा हलला नाही तर चौकट आवळून बसल्यामुळे मागच्या दिव्याचा प्रकाश गळतोय. दुसरा प्रकार तक्रारीचा. फोटो काढताना मात्र मोबाइल अंधारात उजेड आपोआप वाढवतो आणि किरकोळ गळती वणव्यासारखी दिसते. एक्स्पोजर हाताने कमी करून काढा, नाहीतर तंत्रज्ञ पहिल्या दृष्टीतच फोटो बाजूला ठेवेल.

दोष मान्य झाला की कंपनीच्या सेवा केंद्राकडून डीओए प्रमाणपत्र मागा, म्हणजे ‘आल्याआल्याच बिघडलेला’ असा कागद. तो मिळाला तर नवं खोकं येतं. ‘पॅनेल बदलून देतो’ याला पहिल्या आठवड्यात हो म्हणू नका. नवा लॅपटॉप उघडून आत हात घालायचा, आणि वर बदललेलं पॅनेल कुठल्या कारखान्याचं येईल याची हमी नाही.

कुणीच ऐकत नसेल तर कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर आटोक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात उत्तर द्यायचं असतं. पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतं. बिल मात्र स्वतःच्या नावाचं असावं. १८ टक्के जीएसटीची वजावट मिळावी म्हणून फर्मच्या नावावर घेतलं असेल, तर ‘ही व्यावसायिक खरेदी, हे ग्राहकच नव्हेत’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. स्वयंरोजगारासाठी, पोट भरण्यापुरती वस्तू घेणाऱ्याला कायद्याने त्यातून सूट दिली आहे, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

परतीची मुदत गेली, वॉरंटीही संपत आली आणि स्क्रीन तशीच फिकी, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात पॅनेल बदलून मिळतं. तीच इंचं, तीच जाडी, मागच्या पट्ट्यांची तीच जागा आणि तेवढ्याच पिनांचा जोड, एवढं जुळलं पाहिजे. साध्या ६० हर्ट्झच्या फुल एचडीला बहुधा ३० पिन, जास्त हर्ट्झ किंवा जास्त ठिपक्यांच्या पॅनेलला ४०. तीस पिनांच्या वायरवर चाळीसचं पॅनेल बसत नाही. वायरही बदलावी लागते, आणि मदरबोर्ड साथ देतो का हा प्रश्न उरतोच. ३० पिनांतच पूर्ण एसआरजीबीची फुल एचडी पॅनेल मिळतात. दुकानात गेल्यावर ‘चांगली स्क्रीन टाका’ असं म्हणू नका. पॅनेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या, आणि बसवण्याआधी त्याच्या पाठीवरचं लेबल स्वतः वाचा.